आधी कान, मग पाटी



परभणी जिल्ह्यात बालशिक्षणाचा विचार करताना गंगाखेडपासून आरंभ करणे उचित ठरते. गोदाकाठच्या या गावी संत जनाबाईंचा जन्म झाला. बालवयातच त्या पंढरपुरी दामाशेटींच्या घरी आल्या आणि नामदेवरायांच्या परिवारात वाढल्या. परंपरा त्यांच्या पाठशाळेविषयी काही सांगत नाही. सांगते ती जात्याविषयी आणि नामसंकीर्तनाविषयी. त्याच जनाबाईंचे अभंग नामदेवांच्या गाथेत समाविष्ट आहेत. कानांनी घेतलेले शिक्षण किती खोलवर रुजते, याचे हे आपल्या मातीतील उदाहरण होय.

आपल्या पूर्वजांना हे ज्ञात होते. तैत्तिरीय उपनिषदातील शिक्षावल्ली शिक्षणाचे विषय सांगताना वर्ण, स्वर आणि मात्रा यांपासून आरंभ करते. मराठीत तर ‘मात्रा’ हा एकच शब्द तालात आहे, छंदात आहे आणि लिपीतही आहे. बालकाने टाळी वाजवीत गाणे म्हटले, की प्रत्येक अक्षराला एक ठोका मिळतो आणि शब्दाचे घटक त्याला आपोआप सुटे ऐकू येतात. स्वर लांबवला, की ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील भेद कानाला कळतो. यमक आले, की दोन शब्दांचे शेवट सारखे आहेत हे उमगते. वाचनाची पूर्वतयारी ती हीच.

आधुनिक संशोधनही याच दिशेने गेले आहे. ब्रॅडली आणि ब्रायंट या इंग्लंडमधील संशोधकांनी चार-पाच वर्षांच्या सुमारे ४०० मुलांचा अभ्यास करून १९८३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. यमक आणि आद्यध्वनी ओळखणारी मुले पुढे वाचन-लेखनात सरस ठरली. मात्र ज्या मुलांना ध्वनींच्या खेळाबरोबर अक्षरेही दाखवली गेली, त्यांची प्रगती सर्वाधिक होती. म्हणजे गाणे पाटीची जागा घेत नाही. ते पाटीची वाट सोपी करते.

येथे एका भ्रमाचे निराकरण आवश्यक आहे. पाश्चात्त्य संगीताची ध्वनिफीत लावली की मूल बुद्धिमान होते, असा प्रचार मोठ्या प्रमाणावर झाला. त्याचे मूळ १९९३ च्या एका छोट्या प्रयोगात आहे. तो प्रयोग ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झाला होता, बालकांवर नव्हे; आणि दिसलेला परिणाम दहा-पंधरा मिनिटांतच ओसरला होता. तरीही १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बालकाच्या घरी असे संगीत पोहोचवण्याची योजना मांडली. आज ध्वनिफितीची जागा मोबाईलने घेतली आहे. जेवताना मूल रडू नये म्हणून त्याच्यासमोर गाण्याचा पडदा धरला जातो. पडद्यावरील गाणे मुलाकडे पाहत नाही, त्याच्यासाठी थांबत नाही, त्याच्या बोबड्या सुराला उत्तर देत नाही. नवजात अर्भकही आईचा आवाज ओळखते व तोच अधिक पसंत करते, हे १९८० साली प्रयोगाने दिसून आले आहे. आईचा सूर थोडा चुकला तरी चालेल. तिचा कंठ मुका होता कामा नये.

मराठवाड्याला या कंठाचे मोल वेगळे सांगायला नको. निजामी राजवटीत राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. त्या काळात खेड्यापाड्यांतील मराठी मुलांच्या कानी आपली भाषा पडत राहिली ती जात्यावरच्या ओव्यांतून, भूपाळीतून आणि भजनातून. १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्ती मिळाली, तेव्हा घराघरांतील हे अलिखित विद्यालय शाबूत होते. पुढे पिठाच्या गिरण्या आल्या आणि मायमाउलींचे कष्ट वाचले, हे इष्टच झाले. पण जात्याबरोबर ओवीही अडगळीत गेली, हे टाळता आले असते.

हे पुन्हा उभे करता येते, याचा आदर्श महाराष्ट्रात आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. वनवासी मुले शाळेत येत नाहीत, म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली गेली. तेथे परक्या खेळण्यांऐवजी पाने, बिया, शिंपले आणि मुलांच्या परिचयाची गाणी होती. विद्या भारतीनेही आपल्या पाच आधारभूत विषयांत योग, शारीरिक, संस्कृत आणि नैतिक शिक्षणाबरोबर संगीताला स्थान दिले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ३ ते ८ ही वर्षे पायाभूत स्तर मानून या वयातील खेळ, कला आणि मातृभाषा यांना महत्त्व दिले.

संगीताचा दुसरा लाभ मनाचा आहे. जर्मनीत चार वर्षांच्या मुलांवर झालेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, एकत्र गाऊन-वाजवून खेळलेली मुले नंतर एकमेकांच्या साहाय्याला अधिक तत्परतेने धावली. सांघिक गीताची पद्धती हेच साधते. एकाने ओळ म्हणायची आणि सर्वांनी ती मागून म्हणायची. त्यात कोणाची जात विचारली जात नाही आणि कोणाचा आवाज वगळला जात नाही. म्हणूनच या वयात स्पर्धा आणि बक्षिसे नकोत. पाच वर्षांच्या मुलाला व्यासपीठावर उभे करून त्याचा क्रमांक लावणे म्हणजे अंकुर उपटून मुळे पाहणे होय.

आता कर्तव्याचा प्रश्न. दसरा-दिवाळीनंतर गंगाखेड आणि आसपासच्या भागांतून ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात. चिमुकल्यांची अंगणवाडी सुटते. कोणी फडावर जातात, कोणी आजीजवळ राहतात. पाटी-पुस्तक मागे राहू शकते, पण पाठ झालेली वीस गाणी कोपीपर्यंत सोबत जातात. प्रत्येक वस्तीत रोज दहा मिनिटे मुलांना घेऊन गाणारी एक ताई उभी राहिली, गावातील आजीबाईंच्या ओव्या वहीत उतरल्या आणि त्यांतीलच शब्द मुलांना अक्षरांत दाखवले गेले, तर हे कार्य खर्चाशिवाय घडेल. ज्या बालकाचा कान वाहतो त्याला वेळीच डॉक्टरांकडे नेणे, हेही याच कार्याचा भाग आहे; जे ऐकू येत नाही ते शिकता येत नाही.

जनाबाईंच्या गावी एकही मूल गाण्यावाचून वाढू नये, एवढा संकल्प परभणी जिल्ह्याला निश्चित पेलवेल.