‘अ‍ॅरबी’: पहिली ओढ आणि बंद होणारा बाजार

आयरिश लेखक जेम्स जॉइस यांचा ‘डब्लिनर्स’ हा १५ कथांचा संग्रह १९१४ साली प्रसिद्ध झाला. त्यातली ‘अ‍ॅरबी’ ही कथा शाळकरी वयातल्या ओढीची. मित्राच्या बहिणीवर एका मुलाचा जीव जडतो, एवढंच कथानक. तिचं नावही आपल्याला कळत नाही.

मुलगा राहतो ती गल्ली पुढे बंद झालेली. घर कोंदट, आधीचा भाडेकरू असलेला धर्मगुरू तिथेच वारलेला. बाजारच्या गलक्यातून मावशीबरोबर चालताना मात्र हा मुलगा त्या मुलीची आठवण जपतो, ती चर्चमधला पवित्र प्याला सांभाळावा तशी. मला कथेतलं सर्वांत बोलकं प्रतीक हेच वाटतं. उत्कटतेची दुसरी भाषा या मुलाला कुणी शिकवलेलीच नाही!

‘अ‍ॅरबी’ नावाचा बाजार डब्लिनमध्ये १८९४ साली खरोखर भरला होता. त्या नावातच मुलाला पूर्वेकडची जादू दिसते. तिथून भेटवस्तू आणायचं तो तिला कबूल करतो. पण पैसे देणारे काका उशिरा येतात, आगगाडी रेंगाळते. तो पोचतो तेव्हा बहुतेक दुकानं बंद. एक विक्रेती दोन तरुणांशी पोकळ थट्टामस्करी करतेय. तो काहीच न घेता वळतो, स्वतःवरच संतापलेला.

कथा सांगणारा तोच मुलगा, पण भाषा प्रौढाची. म्हणूनच त्या वयात त्याला न दिसलेली बंद गल्ली वाचकाला पहिल्याच वाक्यात दिसते.