आपला ठेवा, आपली राखण
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही पंडिता नव्हे; पण गेल्या सहलीपासून एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, तीच सांगते.

आपण घोडबंदरच्या किल्ल्यावर गेलो होतो. पोर्तुगीजांकडून १७३७ साली मराठ्यांनी घेतलेला हा किल्ला. तिथे आपण डबे उघडले, खाडीचा वारा खाल्ला, आणि निघताना कागदी बशा तिथेच टाकल्या. एका मुलाने खिळ्याने दगडावर नाव कोरले. तो माझाच नातू. मी पाहिले, पण बोलले नाही. घरच्या भिंतीवर त्याने रेघ ओढली असती, तर गप्प बसले असते का?

जतन करणे हे सरकारचे काम, असे आपण म्हणतो. पण इंग्लंडात १८९५ साली ‘नॅशनल ट्रस्ट’ निघाला, तो नागरिकांनी काढला. तिघा संस्थापकांपैकी एक ऑक्टेव्हिया हिल, लंडनच्या गरिबांच्या घरांसाठी झटणारी बाई. ट्रस्टला पहिली जमीनही एका बाईनेच दिली. फॅनी टॅलबट यांनी वेल्सच्या किनाऱ्यावरील सुमारे साडेचार एकरांची टेकडी दान केली. आपल्याकडे १९८४ साली दिल्लीत ‘इन्टॅक’ ही संस्था स्थापन झाली. जुन्या वास्तू, निसर्ग, कला या साऱ्यांचे जतन हे तिचे काम. आणि ठिकठिकाणच्या तिच्या शाखा स्वयंसेवकांच्या बळावर चालतात.

ठेवा म्हणजे नुसते दगडही नव्हेत. आपल्या खाडीकाठची तिवरे भरतीचे पाणी थोपवतात, मासळीची पिल्ले त्यांच्याच मुळांत वाढतात. ती तोडण्यास उच्च न्यायालयाने २००५ सालीच मनाई केली. तरी राडारोडा टाकायला माणसाला नेमकी तीच जागा सापडते!

भगिनींनो, पुढच्या महिन्यात पुन्हा किल्ल्यावर जाऊ या. या वेळी पोती घेऊन, कचरा वेचायला. भिंतीतले रोप मात्र उपटायचे नाही, दगड निसटतो. चुन्याच्या जुन्या बांधकामाला सिमेंटही थापायचे नाही, ओल आत कोंडते. ते काम जाणकारांचे. आपले काम स्वच्छतेचे, आणि मुलांना वेळीच हटकण्याचे.

नातवाला मी बरोबर आणणार आहे. कोरलेले नाव आता पुसता येणार नाही. पण ते का कोरू नये, हे त्याच दगडापाशी उभे राहून त्याला सांगेन.