गाठ एक, पेशी अनेक
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील प्रशासकांच्या भाषणाचा मजकूर)



ताळेबंद आपल्या हाती आहेच. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. त्यावर तासभर बोलू शकू, पण आज तो मोह आवरतो. कर्करुग्णांचे नातलग आमच्या कार्यालयात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा घेऊन येतात. "साहेब, पहिल्या केमोत गाठ निम्मी झाली, मग पुन्हा कशी वाढली? औषध नकली होते, की आमचेच काही चुकले?" कोणी पथ्य मोडल्याचा दोष सुनेला देतो, कोणी वावर विकूनही गुण आला नाही म्हणून स्वतःला. आमच्या डॉक्टर मंडळींकडून जे समजले, ते येथे मांडीत आहोत.

एक सेंटिमीटरच्या गाठीत सुमारे 100 कोटी पेशी असतात. एका बिघडलेल्या पेशीपासून ही प्रजा वाढते; परंतु प्रत्येक विभाजनात नक्कल उतरविताना चुका होतात आणि कालांतराने एकाच गाठीत नाना वाणांच्या पेशी नांदू लागतात. अमेरिकेतील पीटर नॉवेल यांनी 1976 मध्ये हा विचार मांडला. 2012 मध्ये लंडनच्या संशोधकांनी मूत्रपिंडाच्या एकाच गाठीचे निरनिराळ्या जागचे तुकडे तपासले, तेव्हा सुमारे दोन-तृतीयांश जनुकीय बदल सर्व तुकड्यांत समान नव्हते, असे आढळले.

वऱ्हाडी माणसाला हे कळण्यास प्रयोगशाळा नको, कपाशीचे वावर पुरे. बीटी कापूस 2002 मध्ये आला, दोन जनुकांचे वाण 2006 मध्ये. आरंभी बोंडे निर्मळ राहिली. 2017 च्या खरिपात मात्र विदर्भात गुलाबी बोंडअळीने बोंडेच्या बोंडे पोखरली. बियाणे नकली होते, असे पुष्कळांना वाटले. वस्तुतः ते विष पचविणाऱ्या मोजक्या अळ्या आधीपासूनच असाव्यात. बाकीच्या मेल्या, याच उरल्या आणि यांचीच संतती वाढली. गाठीतही असेच घडते. औषधाने निम्म्या पेशी गेल्या, हा गुण खराच होता. उरलेल्यांपैकी काही पेशी औषध बाहेर फेकतात, काहींत औषध जेथे बसते ती जागाच बदललेली असते. रक्ताच्या एका कर्करोगावरील इमॅटिनिब या गोळीला अमेरिकेत 2001 मध्ये मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी अशा बदललेल्या पेशींचे वर्णनही प्रसिद्ध झाले. त्यात सुनेचा दोष कोठे आला?

एकाऐवजी तीन-चार औषधे का देतात, असेही विचारले जाते. अमरावतीकरांना दाजीसाहेब पटवर्धनांचे तपोवन ठाऊक आहे. कुष्ठरोगावर एकटे डॅप्सोन देत असत, तेव्हा जंतू त्यालाही सरावले. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 1981 मध्ये अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. एका औषधातून निसटणारी पेशी तिन्हींतून निसटण्याचा संभव कमी. देयकाची रक्कम वाढते ती यामुळेही.

बीटीच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची पुडी मिळत असे. ती पेरली असती तर विषाला बळी पडणाऱ्या अळ्याही टिकल्या असत्या. अनेकांनी ती पेरली नाही. किडीच्या या शास्त्रावरूनच फ्लोरिडातील रॉबर्ट गेटनबी यांना औषध थांबवून-थांबवून देण्याची कल्पना सुचली. प्रोस्टेटच्या मोजक्या रुग्णांवरील त्यांचा पहिला प्रयोग 2017 मध्येच प्रसिद्ध झाला, हा योगायोग. परंतु ते अद्याप संशोधन आहे. त्यावरून कोणी घरी गोळी अर्धी करू नये किंवा बरे वाटते म्हणून केमो मध्येच सोडू नये, ही हात जोडून विनंती.

रोग उलटल्यावर डॉक्टर कित्येकदा पुन्हा तुकडा तपासण्यास सांगतात. जुना अहवाल जुन्या पेशींचा असतो. आता कोणत्या उरल्या, ते त्यावरून कळत नाही. सुई लावली की रोग पसरतो, या भीतीने अनेकजण नकार देतात. तसे क्वचितच घडते. दुसरे कारण पैशाचे असते, आणि ते आम्हांस भीतीपेक्षा अधिक खुपते.

म्हणून यंदा देणगीदारांकडे यंत्र मागत नाही. या दुसऱ्या तपासणीचा खर्च आणि मेळघाट, अचलपूर, मूर्तिजापूरकडून येणाऱ्यांचे एस. टी. भाडे, एवढेच मागतो. यंत्रावर दात्याच्या नावाची पाटी लागते, तपासणीच्या कागदावर लागत नाही, याची आम्हांस जाणीव आहे. देणगी लेखा विभागात स्वीकारली जाईल व पावती त्याच वेळी मिळेल.