रोपलेला दांत : प्राप्ति आणि निगा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ज्येष्ठांच्या मेळाव्यांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या मंगलप्रसंगीं धर्मगुरूनें दांतांविषयीं बोलावें, याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. परंतु माझा एक रोपलेला दांत मीं स्वतःच्या हयगयीनें गमावला आहे. तो अनुभव आपणांस उपयोगीं पडावा, एवढ्याचकरितां मी आज उभा आहें.

दंतरोपण, ज्यास आपण इम्प्लांट म्हणतों, त्याचें मूळ स्वीडन देशांत आहे. १९५२ च्या सुमारास ब्रोनमार्क नामक संशोधकास असें आढळलें कीं, सशाच्या हाडांत बसविलेलें टायटॅनियम धातूचें उपकरण हाडाशीं एकजीव होऊन निघेनासें झालें आहे. पुढें १९६५ सालीं त्यांनीं एका रुग्णाच्या जबड्यांत अशा खुंट्या बसविल्या. आजहि तत्त्व तेंच आहे : धातूची खुंटी मुळाच्या जागीं, व तिजवर दांताच्या आकाराची कॅप.

प्रथम डॉक्टरांपासून कांहींहि लपवूं नये. मधुमेह, रक्त पातळ करणारीं औषधें, हाडांच्या ठिसूळपणावरील औषधें, तंबाखू व मशेरी या सर्वांचा उल्लेख करावा; मात्र कोणतेंहि औषध आपल्या मनानें बंद करूं नये. क्ष-किरणाच्या चित्रांत हाड अपुरें दिसल्यास आधीं हाडाची भर घालावी लागते. एकंदर खर्च किती, आणि कवळी किंवा ब्रिज यांनीं काम भागेल काय, हेंहि निःसंकोचपणें विचारावें.

खुंटी बसवितांना जागा बधिर करितात, त्यामुळें दाब जाणवतो, वेदना सहसा होत नाहींत. नंतर सूज येते. ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं अधिक असून पुढें ओसरते. पहिल्या दिवशीं गालावर बाहेरून बर्फ धरावा, जोरानें चूळ भरूं नये, व पेज किंवा मऊ भात घ्यावा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्यानें हळुवार गुळण्या कराव्या. तीन दिवसांनंतर दुखणें वाढत गेलें, पू आला किंवा ताप भरला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां डॉक्टरांकडे जावें.

यानंतर येतो धीराचा काळ. हाड खुंटीस घट्ट धरण्यास बहुधा तीन ते सहा महिने लागतात. रोप लावून दुसऱ्या दिवशीं त्याचीं मुळें उकरून पाहणारा माळी शहाणा नव्हे. तसेंच येथें आहे. कित्येकांस तात्पुरता दांत लौकर मिळतो, परंतु त्यानें कठीण पदार्थ चावूं नयेत.

आतां मुख्य गोष्ट. कॅप बसली म्हणजे काम संपलें, असें मीं मानलें. रोपलेला दांत किडत नाहीं, हें खरें. पण त्याच्या भोंवतालची हिरडी व हाड हीं जिवंत असतात आणि तीं सडूं शकतात. नैसर्गिक दांतास शीर असते, ती दुखून इशारा देते. खुंटीस तशी शीर नाहीं. घांसतांना रक्त येई, परंतु दुखत नसे, म्हणून मीं दीड वर्ष तपासणी टाळली. अखेर दांत हलूं लागला, तेव्हां हाड झिजून गेलें होतें, व खुंटी काढावी लागली. डॉक्टरांचा दोष नव्हता. दोष माझा होता.

म्हणून माझें सांगणें एवढेंच : मऊ ब्रशानें दिवसांतून दोनदां हिरडीच्या कडेपर्यंत दांत स्वच्छ करावे. दोन दांतांमधील फट बारीक ब्रशानें किंवा दोऱ्यानें साफ करावी. तंबाखू सोडावी. सुपारी दांतांनीं फोडूं नये. झोपेंत दांत खाण्याची संवय असल्यास डॉक्टरांस सांगावें. डॉक्टर सांगतील त्या अंतरानें, सामान्यतः सहा महिन्यांनीं, तपासणीस जावें. आणि रक्त दिसतांच, दुखत नसलें तरी, त्याहि आधीं जावें.

दुखत नाहीं म्हणजे सर्व क्षेम आहे, असें समजूं नये, हा धडा मी फार महाग किंमत देऊन शिकलों. आपणांस तो फुकट मिळो, आणि पुढील महोत्सवाचें जेवण आपण सर्वांनीं चावून खावें, हीच परमेश्वराजवळ प्रार्थना.