अर्धशिशी आणि दिनक्रमाची कैफियत



अध्यक्षपदावरून बोलणाऱ्याने प्रथम आपल्या अपात्रतेचे सविस्तर वर्णन करावे, असा आपल्या अधिवेशनांचा जुना प्रघात आहे. ते काम माझे सहकारी माझ्यामागे अधिक कौशल्याने करतील असा भरवसा असल्यामुळे मी सरळ अर्धशिशीकडे वळते.

सुश्रुताने उत्तरतंत्रात गणलेल्या अकरा शिरोरोगांत अर्धावभेदक, म्हणजेच आपली अर्धशिशी, आहे. दुखणे तेव्हापासून तेच, त्याची उपपत्ती मात्र वारंवार बदलत आली. विसाव्या शतकाच्या मध्यास न्यूयॉर्कच्या हॅरॉल्ड वुल्फ यांनी रक्तवाहिन्यांच्या प्रसरणाचा सिद्धांत प्रस्थापित केला आणि त्याच्या जोडीला अर्धशिशीच्या रुग्णाचे एक स्वभावचित्रही रेखाटले: महत्त्वाकांक्षी, काटेकोर, परिपूर्णतेचा ध्यास घेतलेला. पुढे १९९० साली पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी वेदनेच्या ऐन भरात मानेच्या शिरेतील रक्तात सीजीआरपी हे पेप्टाइड वाढलेले दाखवून दिले, संशोधनाचा रोख मज्जासंस्थेकडे वळला आणि वुल्फ यांचा सिद्धांत मागे पडला. ते स्वभावचित्र मात्र आमच्या बाह्यरुग्ण विभागांत अद्याप सुखाने नांदते आहे. ‘बाईंचा स्वभावच चिंतातुर’ एवढा शेरा मारला, की त्या बाईंचा दिवस किती वाजता सुरू होतो आणि किती वाजता संपतो हे विचारण्याच्या जबाबदारीतून डॉक्टर मोकळा होतो. माझी तक्रार या शेऱ्याविरुद्ध आहे.

हा विकार पुरुषांच्या सुमारे तिप्पट स्त्रियांना होतो. त्यात अंतःस्रावांचा वाटा मोठा आहे, हे मी नाकारीत नाही. बालपणी मुलामुलींत हे अंतर जवळजवळ नसते आणि ऋतुप्राप्तीनंतरच ते वाढत जाते. परंतु विकाराचा जोर ज्या वयात सर्वाधिक, त्याच वयात नोकरी आणि संसार दोघेही स्त्रीवर पूर्ण हक्क सांगत असतात. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्या कामात रोजची सरासरी २९९ मिनिटे भरली, पुरुषांची ९७. ग्रीनहाउस आणि ब्यूटेल या संशोधकांनी १९८५ साली नोकरी आणि संसार यांच्यातील संघर्षाचे तीन प्रकार सांगितले. त्यांतला वेळेचा आणि ताणाचा सर्वांना ठाऊक आहे, तिसरा वर्तनाचा, आणि तो आमच्या परिचारिका भगिनींनी मला शिकविला: वॉर्डात ज्या करड्या स्वरात सूचना द्याव्या लागतात, त्या स्वरात सासूबाईंशी बोलून चालत नाही.

अर्धशिशीप्रवण मेंदूला आंदोलने सोसत नाहीत. झोप, भोजन, श्रम, विसावा यांची वेळ ढळली की तो बिथरतो. आणि पहाटे उठून सर्वांचे डबे भरणारी, स्वतः नुसत्या चहावर डोंबिवलीची लोकल गाठणारी, त्यातच चतुर्थीचा उपवास सांभाळणारी स्त्री यांपैकी कोणती वेळ पाळू शकते? याहून चमत्कारिक गोष्ट अशी, की झटका पुष्कळदा ताण चढत असताना न येता तो उतरू लागला म्हणजे येतो. रिचर्ड लिप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली रुग्णांच्या दैनंदिन नोंदींवरून हे दाखविले. रुग्ण थोडे होते, तथापि ताण ओसरल्यानंतरच्या पहिल्या सहा तासांत धोका जवळजवळ पाचपट आढळला. म्हणून कित्येकींचे डोके रविवारी दुखते, मार्चअखेरचे हिशेब संपल्यावर दुखते, गौरी-गणपतीचे पाहुणे परतले की दुखते. कचेरीतील साहेब म्हणतो, कामावर तर ही ठणठणीत असते. घरची माणसे म्हणतात, सुट्टीलाच बरे हिचे डोके दुखते. दोन्ही दप्तरांत तिचे दुखणे अमान्य होते, आणि कालक्रमाच्या या फसवणुकीचा उलगडा ज्याने करावयाचा तो वैद्य ‘टेन्शन घेऊ नका’ असे सांगून पुढच्या रुग्णाला हाक मारतो.

येथे सावधगिरीचाही एक शब्द. अर्धशिशीला आनुवंशिक अधिष्ठान आहे. नोकरीमुळेच ती जन्मते असे प्रतिपादन मी करणार नाही, शिवाय वारंवार दुखणाऱ्या डोक्यामुळे नोकरी आणि घर दोन्हीकडे खटके उडतात, हा उलटा प्रवाहही खरा. फिनलंडच्या सार्वजनिक सेवेतील स्त्रियांवर झालेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, श्रम पुष्कळ आणि त्यांची कदर थोडी, अशा विषम स्थितीतील स्त्रियांत नव्याने अर्धशिशी सुरू होण्याचे प्रमाण अधिक आढळले; वाढ माफक होती, पण मला ती अर्थपूर्ण वाटते. नुसता कामाचा बोजा मोजून भागणार नाही, असे त्यातून दिसते.

दरम्यान मेडिकलच्या दुकानातील गोळी हाताशी असतेच. साधी वेदनाशामके महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस घेतली गेली, की औषधच नव्या शिरोवेदनेचे कारण होऊ लागते. रजेचा अर्ज करण्यापेक्षा गोळी गिळणे सोपे, या व्यवहाराची ती किंमत आहे.

आता उपायांकडे वळते. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सक्ती करणारी तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने कायद्यात आली. तिचा अंमल व्हावा, असा ठराव उद्याच्या खुल्या अधिवेशनापुढे आहे आणि त्याला माझा पाठिंबा आहे. मात्र सरकारकडे ठराव धाडण्यापूर्वी, या सभागृहात ज्यांच्या हाती रुग्णालये आहेत त्यांनी परिचारिकांची ड्यूटी लिस्ट महिनाभर आधी लावावी, नाइटच्या पाठोपाठ मॉर्निंग देऊ नये आणि अदलाबदलीचा अधिकार मेट्रनबाईंकडे सोपवावा, अशी उपसूचना मी अध्यक्षीय संकेत मोडून स्वतःच मांडणार आहे. तिला अनुमोदन देणाऱ्यांनी आपली नावे आज सायंकाळपर्यंत कार्यवाहांकडे नोंदवावीत.