जुन्या गाडीचे दप्तर



वसंत व्याख्यानमालेत साहित्यावर, संतांवर, फार तर देशाच्या अर्थकारणावर बोलण्याचा प्रघात आहे. मोटारगाडीवर बोलायला मला उभे केले, याचे काही मंडळींना नवल वाटले असेल. पण नवेगाव बांधात हा विषय परका नाही. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. जंगल दाखवायला जिप्सी लागते, आणि सर्वसामान्य ग्राहकाला जिप्सी विकणे तर मारुती कंपनीने २०१९ मध्ये बंद केले. म्हणजे आज जो तरुण जिप्सी घेईल, तो जुनीच घेईल. धानाच्या दोन हंगामांचा पैसा एका लोखंडी वस्तूत घालायचा, तर ती वस्तू पारखायची कशी, एवढाच आजचा माझा प्रश्न आहे.

आपण बैल घेताना दात बघतो, जमीन घेताना सातबारा आणि फेरफार बघतो. गाडी घेताना मात्र रंग बघतो! फार झाले तर आरसी बुक उघडतो. आरसी बुक मालकी सांगते, प्रकृती सांगत नाही. प्रकृती कळते ती सर्व्हिस बुकावरून आणि गॅरेजच्या पावत्यांवरून. (आरसीवरही एक गोष्ट जरूर पाहावी. नोंदणीची तारीख वेगळी आणि उत्पादनाचा महिना वेगळा असतो. लिलावातून घेऊन मागाहून नोंदवलेल्या गाडीत या दोहोंत कित्येक वर्षांचे अंतर असू शकते. वय मोजायचे ते उत्पादनापासून.)

मी हे शहाणपण विकत घेतलेले आहे. माझ्या पहिल्या गाडीचे सर्व्हिस बुक इतके देखणे होते की मी बॉनेट नीट उघडूनही पाहिले नाही. प्रत्येक रकाना भरलेला, प्रत्येक पानावर शिक्का. पुढे वर्षभराने आईला घेऊन गोंदियाला निघालो असता कोहमाऱ्याच्या अलीकडे गाडी एकदम बंद पडली. टायमिंग बेल्ट तुटला होता. बेल्ट तुटला की पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि काही हजारांच्या कामाचे इंजिन खोलण्याचे काम होते. आई दोन तास रस्त्याच्या कडेला पळसाखाली बसून होती. ती काही बोलली नाही, हेच मला जास्त लागले.

त्या रात्री मी ते पुस्तक प्रथमच वाचले. पाच हजार, दहा हजार, पंधरा हजार, वीस हजार असे सारे आकडे गोल! अहो, खरा माणूस कधी बरोबर दहा हजारांवर गॅरेजात जातो काय? तो नऊ हजार सहाशेला जातो, नाही तर लग्नसराई आटोपून अकरा हजार तीनशेला जातो. चार वर्षांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताच्या. आणि कळस म्हणजे एक नोंद एप्रिल २०२० ची! २५ मार्चपासून सारा देश कुलूपबंद होता. त्या महिन्यात कोणता मिस्त्री गाडी धूत बसला होता? तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की ज्या दप्तरात त्या काळाचे खिंडार आहे, ते दप्तर अधिक विश्वासाचे.

पावत्या वाचताना काय केले याबरोबर काय केले नाही तेही वाचावे. आजच्या बहुतेक गाड्यांना वर्षातून एकदा किंवा सुमारे दहा हजार किलोमीटरांनी इंजिन ऑइल बदलावे लागते. गाडी दारात उभी राहिली तरी वर्ष संपतेच. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल. ज्या इंजिनात बेल्ट आहे त्याचा बेल्ट बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असे धरावे, आणि तो खर्च किमतीतून वजा करावा. सप्टेंबर २०२० ची गालिचा, सीटा आणि वायरिंगच्या कामाची पावती भंडाऱ्याकडच्या गाडीत दिसली, तर वैनगंगेचा त्या ऑगस्टअखेरचा महापूर आठवावा आणि स्पष्ट विचारावे. विम्याच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस शून्य असेल आणि मालक म्हणत असेल की कधी ओरखडाही आला नाही, तर तेही विचारावे. विमा मध्ये खंडित झाला असेल, किंवा भरपाई घेतली असेल.

मग कागद मिटून गाडीकडे जावे. बांधाला सर्व्हिस बुक नसते. कोलू पाटलांच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या आपल्या बांधाची प्रकृती त्याच्या पाळीवर फिरूनच कळते. तसेच येथे. काटा बावीस हजार दाखवतो आणि क्लचच्या पायपट्टीचे रबर गुळगुळीत झालेले आहे, तर खोटे कोण बोलते आहे? टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडीहून टायर नवे असतील तर जुने कितव्या किलोमीटरला झिजले, हा पुढचा प्रश्न. अधिकृत वर्कशॉपात गाडीचा इतिहास संगणकात असतो. मालकाला बरोबर घेऊन जावे. तो यायला कां कू करू लागला तर त्यातच पुष्कळ कळते.

नाव बदलण्याचे काम विकणाऱ्यानेही सोडू नये. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला की नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताची भरपाई त्याच्यावर. गाडी पुढे कितीही हातांत गेलेली असो.

शेवटी माझीच एक गोष्ट सांगतो. ती गाडी मी पुढे विकायला काढली. आदल्या रात्री फाइल लावताना इंजिन खोलल्याची पावती मी काढून टेबलाच्या खणात ठेवली. सकाळी एक पोरगा आला. चहा घेता घेता त्याने पावत्या क्रमाने मांडल्या आणि म्हणाला, "काका, एकाहत्तर हजारांनंतर एकदम चौऱ्याऐंशी हजार? मधले कुठे आहे?" मी उठलो, खण उघडला आणि पावती त्याच्या हातात दिली. त्याने ती दोनदा वाचली.

"म्हणजे बेल्ट नवा आहे की," तो म्हणाला, आणि तरीही आठ हजार कमी केले.