ऋतुमान आणि घरातील यंत्रे

आमच्या कोकणपट्टीत पावसाळ्यापूर्वी घर शाकारण्याची रीत फार जुनी आहे. वैशाखात कौले उतरवावीत, फुटकी असतील ती बदलावीत, पन्हळी साफ कराव्यात आणि मृगाचे पाणी पडण्यापूर्वी घर सज्ज ठेवावे, हा गृहस्थाचा धर्मच समजला जाई. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही गावे होती तोवर तेथेही हेच चाले. आज त्या गावांची उपनगरे झाली, कौलांच्या जागी सिमेंटचे स्लॅब आले आणि शाकारणी नाहीशी झाली. ऋतू मात्र आपल्या वेळेस येतच आहेत. पूर्वी जे काम छप्पर, ओटी आणि परसातील झाडे करीत, ते आता पंखा, वातानुकूलन यंत्र आणि गीझर यांच्याकडे आले आहे. तेव्हा या यंत्रांची शाकारणी कोणती आणि ती केव्हा करावी, याविषयी आज आपल्याशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रथम आपल्या हवेचा विचार करू. सांताक्रूझच्या वेधशाळेत १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश सेल्सिअस उष्णता नोंदली गेली, तर २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला. परंतु हे टोकाचे दिवस झाले. एरव्ही आपला खरा वैरी उष्णता नसून दमटपणा होय. घाम वाळतो तेव्हा तो शरीरातील उष्णता घेऊन जातो. हवेतच बाष्प भरलेले असले म्हणजे घाम वाळत नाही, आणि जीव कासावीस होतो. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याचा पडदा किंवा पाण्याचा कूलर जो गारवा देतो, तो मुंबईत मिळत नाही, याचे कारण हेच. विलिस कॅरिअर या अमेरिकन अभियंत्याने १९०२ मध्ये वातानुकूलनाची योजना आखली, तीही मुळात माणसांसाठी नव्हे, तर एका छापखान्यात दमटपणामुळे कागद फुगत-आकसत असे, त्यावर उपाय म्हणून. यंत्राच्या आतील नळीवर जे पाणी साचते, ते आपल्या खोलीतील हवेतूनच काढलेले असते, हे ध्यानात ठेवावे. पुढील निम्म्या गोष्टी त्यावरून उलगडतात.

वर्षातून तीन मुहूर्त मी सुचवितो. पहिला होळीचा. उन्हाळा जोर धरण्यापूर्वी पंख्याची पाती ओल्या फडक्याने पुसावीत. पात्यांच्या कडेवर धूळ बसली की वारा घटतो, आणि पाती असमान जड झाली की पंखा हेलकावे खातो. पंखा मंद झाला असेल, तर बहुधा त्याचा कपॅसिटर, ज्याला कारागीर कंडेन्सर म्हणतात, तो क्षीण झालेला असतो. तो अल्प किमतीत बदलून मिळतो. छताच्या हुकाशी असलेला बोल्ट आणि त्यातून घातलेली पिन गंजली नाही ना, हे वर्षातून एकदा अवश्य पाहावे, कारण त्या पंख्याखालीच आपली मुले निजतात.

वातानुकूलन यंत्राची जाळी घरच्या माणसाने काढावी, नळाखाली धुवावी आणि सावलीत वाळवून पुन्हा बसवावी. उपनगरांत सर्वत्र जुन्या इमारती पाडून नव्या उभारण्याचे काम चालू आहे. तेव्हा उन्हाळ्यात हे काम पंधरा दिवसांनी करणे इष्ट होय. जाळी धुळीने बुजली की हवा अडते, नळीवर बर्फ धरतो, आणि गृहस्थ समजतो की गॅस संपला. वस्तुतः हा वायू बंदिस्त नळीत फिरत असतो. तो इंधनासारखा खर्च होत नाही. तो कमी झाला असेल, तर कोठेतरी गळती आहे. ती शोधल्यावाचून दरवर्षी गॅस भरणे म्हणजे भोकाच्या घागरीत पाणी ओतणे. शिवाय नव्या यंत्रांत बहुधा आर-३२ नावाचा वायू असतो, तो सौम्य ज्वालाग्राही आहे. म्हणून हे काम शिकलेल्या कारागिराकडूनच करवावे. तारांकित यंत्रे १ जानेवारी २०२० पासून मुळातच २४ अंशांवर लावलेली मिळतात. तो आकडा तसाच ठेवून वर पंखा मंद चालविला, तर सुखही राहते आणि विजेचे देयकही आवरते.

दुसरा मुहूर्त मृगापूर्वीचा. पाणी वाहून नेणारी नळी शेवाळाने तुंबते आणि भिंतीवरून ओघळ येऊ लागतात. ती आधीच धुवून घ्यावी. याहून महत्त्वाची गोष्ट बाहेरच्या भिंतीवरील लोखंडी स्टँडची. वर्सोवा-गोराईकडील खाऱ्या वाऱ्यात लोखंड लवकर सडते. त्यावर जड यंत्र ठेवलेले असते, आणि खालून शाळेत जाणारी मुले चालत असतात. ते स्टँड तपासण्यास जो कारागीर खिडकीबाहेर उतरतो, त्याच्या कमरेस पट्टा आणि दोर असल्यावाचून त्याला उतरू देऊ नये. चार पैशांच्या घाईपायी दुसऱ्याचा जीव टांगणे हे सुसंस्कृत घरास शोभत नाही. कूलर असल्यास तो रिकामा करून, आतून घासून, वाळवून ठेवावा. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्याच्या काठाशी अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. म्हणून ठिबकणाऱ्या पाण्याखालील बादली आणि रेफ्रिजरेटरच्या मागील तबक ही आठवड्यातून एकदा कोरडी झालीच पाहिजेत.

तिसरा मुहूर्त खंडेनवमीचा. त्या दिवशी आपण हत्यारांची पूजा करतो. यंत्राची खरी पूजा म्हणजे त्याची देखभाल होय. थंडीपूर्वी विजेच्या गीझरचा सुरक्षा-व्हॉल्व्ह आणि अर्थिंग तपासून घ्यावे. विंधनविहिरीचे किंवा टँकरचे क्षारयुक्त पाणी असेल, तर आत बसलेला चुन्याचा थर काढवावा.

गॅसच्या गीझरविषयी मात्र मला अधिक गांभीर्याने बोलले पाहिजे. बंद न्हाणीघरात ज्योतीला प्राणवायू अपुरा पडला की कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला दोनशेपटींहून अधिक ओढीने धरते. माणूस हाक मारण्यापूर्वीच बेशुद्ध होतो. जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीत एका मुलीचा अशाच रीतीने अंत झाला. असा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत असावा. ते शक्य नसेल, तर तो वापरूच नये. आणि थंडी वाजते म्हणून न्हाणीघराची झडप कधीही बुजवू नये.

श्रोतेहो, यांत अवघड असे काहीच नाही. स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर हे तीन दिवस आजच खुणावून ठेवावेत, आणि कोणते काम केव्हा झाले, त्याची नोंद तेथेच करावी. जाळी धुण्याचे काम घरातील मुलामुलींकडे सोपवावे. यंत्र कसे चालते, हे त्यांना त्यातूनच समजेल. आपल्या पूर्वजांनी पाऊस येण्याची वाट पाहून घर शाकारले नाही. आपणही बिघाडाची वाट पाहू नये.